पुढची चाकं

पैलवानाची गाडी दुकानासमोर येऊन थांबली तेव्हा उस्ताद एका टॅक्सीखाली जॅक लावत होता. मान वर न करताच त्यानं ओळखलं. आठ सिलिंडरचं ते इंजिन उभ्या जागी गुरगुरायचं, पोट भरलेल्या जनावरासारखं, आणि त्या रस्त्यावर तसा आवाज दुसऱ्या कुठल्या गाडीला नव्हता.

"आली का नवरी?" तो खालूनच ओरडला.

"आली. अनवाणी आली," पैलवान म्हणाला.

खरंच तसं होतं. गाडीचा रंग नवाकोरा, काळा, इतका खोल की बोनेटमध्ये दुकानाची पाटी उलटी दिसत होती. पण खाली गंजक्या लोखंडी रिम आणि त्यांवर कुठल्या तरी भंगारातून उचललेले गुळगुळीत टायर. लग्नाचा कोट घालून माणसानं तुटक्या चपलेत यावं, तसा तो थाट.

उस्तादचं दुकान टायर आणि रिमचं. उस्ताद हे नाव गिऱ्हाइकांनी दिलेलं, आणि तेही निम्मं चेष्टेनं, कारण टायर विकायच्या आधी तो त्या टायरवर भाषण द्यायचा. पैलवान त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं जन्मात कधी कुस्ती खेळली नव्हती. शाळेत एकदा अख्खा बाक डोक्यावर उचलून वर्गाबाहेर नेला होता, त्या दिवसापासून चिकटलेलं नाव. पुढे तो लोखंडाच्या कारखान्यात क्रेन चालवायला लागला आणि नाव आणखी घट्ट झालं. ही गाडी त्यानं नुसता सांगाडा म्हणून आणली होती. दोन दारांची, लांबलचक नाकाची, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली, जुन्या काळातली ताकदीची गाडी. सुट्टीच्या दिवशी एकेक नट जोडत त्यानं ती उभी केली. त्याची बायको, म्हणजे उस्तादची वहिनी, त्या गाडीला रेडा म्हणायची. "रेड्याला आंघोळ घालून झाली असेल तर पोरीशीही दोन शब्द बोला," असं तिचं चालायचं.

गाडीत सगळं पैलवानानं स्वतःच्या हातानं केलं होतं, फक्त चाकं उस्तादनं बसवायची असं कधीचंच ठरलेलं. कुठल्या मापाची, यावर दोघांनी किती चहा संपवला असेल त्याला गणती नाही. त्यामुळे उस्तादनं हात पुसले आणि विचारलं तेही उगाच विचारायचं म्हणून.

"ठरल्याप्रमाणेच ना? पंधरा इंची रिम चारी बाजूंना. मागे दोनशे पंचावन्न, पुढे दोनशे पस्तीस." हे आकडे टायरच्या रुंदीचे. मागचं चाक जाड आणि पुढचं जरासं कमी, म्हणजे गाडी उभी असतानाही झेप घेतल्यासारखी दिसते.

पैलवान खिशात हात घालून उभा होता. "मागे ते टाक. पुढे मूळचंच माप राहू दे. चौदाची रिम, दोनशे पाचचा टायर. एकशे पंच्याण्णव मिळाला तर आणखी बरं."

"काय?"

"मूळ गाडी तशीच होती की."

"मूळ गाडी होती तेव्हा तू पाळण्यात होतास. म्हणून आता दुपट्यात गुंडाळून घेतोस का? लेका, एवढं धूड आणि पुढे सायकलची चाकं?"

चहा पीत थांबलेला टॅक्सीवाला खुसकन हसला. "हत्तीला बकरीचे पाय," तो म्हणाला.

"स्टिअरिंग जड होतं रे," पैलवान म्हणाला. त्याचा आवाज उगाचच खाली गेला. "रुंद टायर रस्त्याला चिकटतो, वळवायला जोर लागतो. तूच सांगतोस ना सगळ्यांना? नाहीतर असं कर, पंप बसवता येईल का? पावर स्टिअरिंगचा?"

उस्तादनं टॅक्सीवाल्याकडे पाहिलं आणि दोघंही एकदमच सुटले. "ऐका हो, ऐका! पैलवानाला पावर स्टिअरिंग पाहिजे! उद्या म्हणशील, जिना चढायला काठी दे. परवा म्हणशील, भात कालवून दे!"

पैलवानही हसला, पण जरा मागून. चहाचा ग्लास त्यानं दोन्ही हातांत धरला होता. उस्तादनं ते पाहिलं. चहा गरम असेल, असं त्याला वाटलं, आणि पाहिलेलं त्यानं तिथंच सोडून दिलं.

"टाक बाबा तुला हवं ते," पैलवान म्हणाला.

तो दिवस उस्तादच्या फार सुखाचा गेला. त्यानं मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला, आत स्प्रिंगपर्यंतची जागा मोजली, रिम किती आत बसेल आणि किती बाहेर येईल त्याचा हिशेब केला. मडगार्डच्या आतल्या कडेला त्यानं मऊ मातीचे छोटे गोळे चिकटवले, म्हणजे चाक कुठं घासतंय का ते मातीवर उमटावं. मग चाकं चढवून, बॅलन्सिंग करून, तो स्वतः गाडी घेऊन निघाला. स्टिअरिंग जड होतं यात शंका नाही. एका फेरीत त्याचे खांदे भरून आले. पण गाडी अशी काही रस्त्याला पकडून बसली होती की त्याला ओरडावंसं वाटलं. परत येऊन त्यानं पाहिलं, मातीवर ओरखडासुद्धा नव्हता.

"बघ," तो म्हणाला. "शिवून घेतल्यासारखी बसलीत. फक्त गोदामांच्या रस्त्यानं जाशील तेव्हा घट्ट धर. ट्रकनी तिथं चाकोऱ्या पाडल्यात, आणि रुंद टायर चाकोरी धरतो. गाडी तिकडेच ओढते."

"धरीन," पैलवान म्हणाला.

आठवडा झाला असेल नसेल. सकाळी दुकान उघडतानाच बातमी आली की गोदामांच्या रस्त्यावर काळी गाडी भिंतीच्या कोपऱ्यावर आदळलीय. उस्ताद तसाच हॉस्पिटलकडे धावला. पैलवानाच्या बरगड्या मोडल्या होत्या. त्याची मुलगी शेजारच्या सीटवर होती. घरात तिला चिमणी म्हणत; कॉलेज संपवून ती नुकतीच एका चष्म्याच्या दुकानात कामाला लागली होती. भिंतीचा कोपरा नेमका तिच्या बाजूनं आत घुसला होता. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि मग तिचा उजवा पाय गुडघ्याखालून कापला.

वहिनी बाहेर बाकावर बसून होती. उस्ताद जवळ गेला तेव्हा ती उठली नाही की ओरडली नाही.

"भावोजी," ती म्हणाली, "ती गाडी इतकी वर्षं अंगणात होती. जुन्या चाकांवर गल्लीत फिरत होती, कधी कुणाला ओरखडा आला नाही. तुमची चाकं लागली आणि माझ्या पोरीचा पाय गेला."

"वहिनी, मी स्वतः चालवून..."

"तुम्ही चालवून पाहिली. पाय तिचा गेला."

आत पैलवान भिंतीकडे तोंड करून पडला होता. उस्तादनं दोनदा हाक मारली. त्याची पाठ हलली नाही.

पोलिसांनी गाडी उचलून नेली, पाहणी केली, आणि त्यांना काही सापडलं नाही, म्हणजे कुणाचीच चूक सापडली नाही. पण रस्त्यावरच्या लोकांना पोलीस थोडेच लागतात! चार दिवसांत सगळ्यांना ठाऊक झालं की उस्तादनं हौसेपायी मापाबाहेरची चाकं चढवली आणि दोस्ताची पोर लंगडी केली. चहाला थांबणारी माणसं पलीकडच्या टपरीवर थांबायला लागली. तो हसरा टॅक्सीवालाही.

उस्तादला झोप लागेना. कुठं चुकलो, हे त्याला कळत नव्हतं, आणि चुकलो नाही असं छातीठोक म्हणवतही नव्हतं. शेवटी त्याची बायकोच म्हणाली, "अहो, इथे कुढत बसण्यापेक्षा जाऊन एकदा डोळ्यांनी बघा ना ती गाडी."

गाडी पोलिसांच्या आवारात, एका कुंपणाकडेला पडली होती. डाव्या बाजूनं जवळजवळ धडधाकट. उजवीकडे दार सीटपर्यंत आत गेलेलं. उस्ताद गुडघ्यांवर बसला. डाव्या मडगार्डच्या आत त्याचे मातीचे गोळे अजून होते, वाळून टणक झालेले, त्यांवर एकही खूण नाही. उजवीकडचं मडगार्ड चेपलं होतं, तरी टायरच्या कडेवर घासल्याचा पट्टा नव्हता. स्टिअरिंगच्या खालचे जोड शाबूत होते. चाकांत हवाही होती. चाकं जशी हवी तशीच होती. त्याला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

मग त्याला स्टिअरिंग दिसलं.

त्यावर चामड्याचा एक पट्टा बसवलेला होता, मनगट अडकवता येईल एवढा फासा. उस्तादनं गाडी चालवून पाहिली त्या दिवशी हा पट्टा नव्हता. पट्टा जाड दोऱ्यानं शिवला होता, आणि टाके वेडेवाकडे, एक लांब, एक आखूड, दोन ठिकाणी दोरा निसटून पुन्हा ओवलेला. याच गाडीच्या सीटा पैलवानानं हातानं शिवल्या होत्या. मशीननं मारल्यासारखे टाके होते ते. उस्ताद त्या वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवत बराच वेळ बसला. मग त्याला तो दोन्ही हातांत धरलेला ग्लास आठवला.

वहिनी हॉस्पिटलात असेल अशा वेळी तो पैलवानाच्या घरी गेला. दार उघडंच होतं. पैलवान छातीला पट्टा बांधून खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता.

"हात दाखव," उस्ताद म्हणाला.

"कशाला?"

"दाखव."

पैलवानानं हात मांडीवर ठेवले. अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधला मांसल भाग बसून गेला होता. तिथं खळगा पडला होता. आणि कातडीखाली काहीतरी बारीक बारीक उडत होतं, उथळ पाण्यात मासोळ्या हलाव्यात तसं.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. आधी शर्टाची बटणं लागेनात. मग किल्ली फिरेना. स्नायूंकडे जाणाऱ्या नसा वाळत जातात म्हणाला डॉक्टर. आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास." गाडी कुठं कुठं थांबते ते सांगावं तसं त्यानं सांगितलं.

"औषध?"

"नाही."

"कारखान्यात माहीत आहे?"

"त्यांनीच तर क्रेनवरून उतरवलं. घरी सांगितलं, गाडी पुरी करायला रजा घेतलीय."

"मला का नाही सांगितलंस रे?"

पैलवानानं खिडकीबाहेर पाहिलं. "सांगायलाच आलो होतो. घरून ठरवून आलो होतो, की बारीक टायर मागायचे, मग तू विचारशील का, मग सांगायचं. तू विचारलंच नाहीस. तू हसलास."

उस्ताद समोरच्या पलंगाच्या कडेवर बसला.

"तुला बोल लावत नाही मी," पैलवान म्हणाला. "हसण्यानं कुणी मरत नाही. नको म्हणायला मला काय झालं होतं? पण चारचौघांत पैलवान म्हणालास, आणि मला वाटलं, राहू अजून थोडे दिवस पैलवान. त्यात काय जातंय."

"आणि पोरीला का घेतलंस बरोबर?"

"तीच म्हणाली, बाबा, आज मला रेड्यातून सोडा ना. लहानपणी त्या गाडीची लाज वाटायची तिला. तोंड लपवून बसायची. पहिल्यांदा आपणहून म्हणाली." त्याचा आवाज चिरकला. "चाक चाकोरीत गेलं, स्टिअरिंगनं हिसका दिला. पट्टा मनगटात होता, पण मनगटच वळून गेलं. ती ओरडली, बाबा, वळवा. मी वळवतच होतो रे. मला वाटत होतं, मी वळवतोय."

खाली कुणीतरी पाण्याची बादली ओतली, त्याचा आवाज आला. उस्ताद उठला.

"हिला सांगू नकोस," पैलवान घाईनं म्हणाला. "ऐक. दुखण्याचं कळेलच तिला, किती दिवस लपणार. पण हे नको. उद्या तीच मला उठवणार, धुणार, घास भरवणार. मीच पोरीचा पाय घेतला हे तिला ठाऊक असेल, तर तो घास कसा भरवेल ती? आणि मी कसा गिळेन?"

उस्ताद हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. जिन्यात त्याला वहिनी भेटली, जेवणाचा डबा घेऊन वर येणारी. ती भिंतीला अंग चोरून उभी राहिली.

"पुन्हा या पायऱ्या चढू नका," ती म्हणाली.

उस्तादनं तोंड उघडलं. मग मिटलं. आणि त्याचं गप्प राहणं तिथंच ठरून गेलं.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं, आणि ती तव्यावरच्या पाण्यासारखी तडतडली. "मोठे आलेत हुतात्मे! सगळा रस्ता तोंडावर थुंकतोय, आणि तुम्ही म्हणे गप्प बसणार! त्याच्या बायकोला आज ना उद्या कळणारच आहे ना?"

"कळू दे. माझ्या तोंडून नको."

खोटं कशाला, त्या गप्प राहण्यात उस्तादला थोडं बरंही वाटत होतं. आपण हसलो, त्याची ही फेड, असं तो मनाशी म्हणायचा. एखाद्यानं दुकानासमोरून जाताना मान फिरवली की त्याला दुखायचं, आणि त्या दुखण्याबरोबर आपण कुणासाठी तरी काहीतरी सोसतोय याचा एक गोडवाही यायचा. पैलवानाकडे तो गेला नाही. त्या घरात काय चाललं असेल, याचा विचार मनात आला की तो कुठलं तरी चाक उतरवून बॅलन्सिंगला लावायचा.

थंडी सरत आली असताना एका दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली. आधी एक कुबडी बाहेर आली, मग चिमणी. नवा पाय लावला होता. त्या बाजूला जरा झुकून ती चालत होती. उस्तादनं स्टूल पुढं केलं. ती बसली नाही.

"काका, तुम्हाला माहीत आहे ना? बाबांच्या हातांचं?"

उस्तादनं हातातला पाना खाली ठेवला.

"मी शेजारी बसले होते. मला दिसलं नसेल का? हात असा घरंगळला स्टिअरिंगवरून, जसा झोपलेल्या माणसाचा पडतो."

"मग बोलली का नाहीस पोरी?"

"बाबा बोलतील म्हणून थांबले. मग तुम्ही बोलाल म्हणून थांबले. तुम्ही घरी येऊन गेलात, जिन्यात दिसलात, आई म्हणाली. म्हटलं, आता काका सांगतील." तिचा आवाज चढला नव्हता, पण प्रत्येक शब्द ती वेचून खाली ठेवत होती. "आई रोज तुमच्या नावानं बोटं मोडते. बाबा भिंतीकडे तोंड करून ऐकतात. मी मधे बसते. आजाराचंही बाबांनी अजून सांगितलं नाहीये, ठाऊक आहे तुम्हाला? चालताना झोकांड्या जातात, बोलताना जीभ अडखळते. आईला वाटतं ते प्यायला लागलेत. काल तिनं त्यांच्या तोंडाचा वास घेतला, काका. माझ्यासमोर."

"अरे देवा."

"आणि सकाळी मला जिना उतरवायला आले. जमणार नाही हे माहीत असून आले. दोघंही पडलो. आई वरून म्हणाली, आता अजून काय मोडायचं राहिलंय." ती थांबली. "तुम्हाला वाटत असेल, गप्प बसून तुम्ही फार चांगलं केलंत."

उस्तादनं दुकानाचं शटर ओढलं, हात नीट धुतलेसुद्धा नाहीत. रिक्षा निघून गेली होती. घर फार लांब नव्हतं. चालताना त्यानं आधाराला हात पुढं केला.

"हात नको," चिमणी म्हणाली. "फक्त हळू चाला."

वहिनी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. उस्तादला दारात पाहून तिचा चेहरा दगडासारखा झाला, पण पोर त्याच्यासोबत होती म्हणून तिनं हाकललं नाही.

"आई, तू बस," चिमणी म्हणाली.

"मी उभी बरी आहे."

उस्तादनं सांगितलं. उभ्या उभ्याच, काही न गाळता. त्यानं बारीक टायर मागितले, मी हसलो, पट्टा, टाके, चाकोरी. खुर्चीतला पैलवान मधेच काहीतरी बोलला. "नको" असावं ते, पण नीट उमटलं नाही. सांगून झालं. मग वहिनीनं हातातली चादर पुरी घडी करून बाजूला ठेवली, पैलवानापाशी गेली, त्याचा हात उचलला आणि अंगठ्याशेजारच्या त्या खळग्यात आपलं बोट दाबून पाहिलं.

"हे दुखतं?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मी तुझ्या तोंडाचा वास घेतला रे," ती म्हणाली. "मला एका शब्दानं सांगता येत नव्हतं? मी कोण होते? शेजारीण?" आणि तिनं त्याच्या खांद्यावर एक फटका मारला. मग दुसरा. तिसऱ्याला त्याची मान एका बाजूला कलंडली आणि त्याला ती सावरता येईना. तेव्हा तिनं घाबरून ती दोन्ही हातांत धरली, आणि तशीच धरून त्याच्यापुढे खाली बसली.

"भावोजी, तुम्ही आता निघा," ती मागे न पाहता म्हणाली.

पुढचं सगळं डॉक्टर म्हणाला होता त्याच क्रमानं झालं. हात गेले, मग पाय. वहिनीनं त्याला उठवलं, धुतलं, भरवलं. काही दिवस ती भरवताना एक शब्दही बोलत नसे, चमचा दातांवर आपटायचा; काही दिवस घास निवला का हे आधी स्वतःच्या ओठाला लावून बघायची. उस्तादला हे दिसायचं, कारण दर रविवारी सकाळी तो दाढी करायला जायचा. "त्यांना ब्लेड दुसऱ्या कुणाचं सोसत नाही," एवढंच वहिनी म्हणाली होती, आणि त्याला येऊ देत होती. रस्त्यावर तिनं लोकांना काही सांगितलं असेल किंवा नसेल. टॅक्सीवाला एक दिवस पुन्हा चहाला आला आणि जणू मधे काही घडलंच नाही असा बोलायला लागला. उस्तादनंही त्याला चहा दिला. करणार काय?

एका रविवारी गालाला फेस लावलेला असताना पैलवान काहीतरी पुटपुटला. उस्तादनं कान तोंडाशी नेला.

"पंप... बसवला असतास?"

"बसवला असता रे. आधी हसून घेतलं असतं, मग बसवला असता."

पैलवानाच्या डोळ्यांच्या कडा वळल्या. तो हसत होता. मग ते हसणं घशात अडकलं, आणि वहिनी धावत येऊन त्याची छाती वर उचलून धरेपर्यंत उस्ताद हातात ब्लेड घेऊन नुसता उभा राहिला.

वर्ष पुरं व्हायच्या आत पैलवान गेला. झोपेत गेला असं सगळे म्हणाले. श्वास कमी पडून गेला हे घरच्यांना ठाऊक होतं.

नंतरच्या रविवारी उस्ताद निघाला. दाढीचं सामान त्यानं बरोबर घेतलं नव्हतं, पण पाय त्याच वाटेनं, त्याच वेळी चालले. चिमणी कामावर गेली होती. रविवारी चष्म्याच्या दुकानात गर्दी असते. दार वहिनीनं उघडलं. आत खुर्ची अजून खिडकीशीच होती. वहिनी दारातच उभी राहिली.

"मी म्हटलं, काही लागलं सवरलं तर..." उस्ताद म्हणाला.

"काही नको." ती थोडा वेळ चौकटीवर हात ठेवून राहिली. "राग नाही आता माझा. असता तर बरं झालं असतं. तुमच्यावर होता, मग त्यांच्यावर होता, आता कुणावर करू? पण भावोजी, तुम्ही दार वाजवलंत ना, की मी तशीच थांबते. वाटतं, आता आतून विचारतील, कोण आलंय. आणि मग कुणी विचारत नाही. तुम्ही येऊ नका."

"बरं," उस्ताद म्हणाला.

तो जिना उतरून खाली आला. दुकान बंद होतं. घरी बायको इतक्या लवकर त्याची वाट पाहत नव्हती. कोपऱ्यावर जरा थांबून त्यानं इकडे तिकडे पाहिलं, आणि मग ज्या रस्त्यावर त्याचं काहीच काम नव्हतं, त्या रस्त्यानं तो चालायला लागला.